एका नावाचा ओटा

भाजी जिना चढत नाही आणि गिऱ्हाईक तर त्याहून नाही. एवढी साधी गोष्ट कळायला शाळा शिकावी लागत नाही. पण महापालिकेनं नवी मंडई बांधली, खाली गाड्या लावायला जागा केली आणि भाजीवाल्यांना पहिल्या मजल्यावर नेऊन बसवलं. मी तिथे बसलेय. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. उठायचं नाही. उठली तर ओटा गेला, आणि ओट्याच्या मागोमाग काय काय जाईल ते ऐका, मग मला वेडी म्हणा नाहीतर शहाणी म्हणा.

मी विमल. डोंबिवली पूर्वेच्या बायका मला विमलाबाई म्हणतात. आम्ही आगरी, गावठाणातले. आमचं गाव आधी महापालिकेत गेलं, मग बाहेर आलं, मग परत आत गेलं, तेवढ्यात शेतं संपली आणि इमारती उभ्या राहिल्या. राहिला एकच पट्टा. त्याच्यावरून विजेच्या मोठ्या तारा जातात. तारांखाली बिल्डिंग बांधायला परवानगी नाही, म्हणून बिल्डर तिकडे फिरकत नाहीत आणि आम्ही तिघी तिथे भाजी करतो. दमट हवा असली की तारा वर गूं गूं करत असतात. पहिल्यांदा आलेला माणूस घाबरतो. आम्हाला तो आवाज नसला तरच चुकल्यासारखं वाटतं.

तिघी म्हणजे मी, रंगूकाकी आणि बायजा. रंगूकाकी माझी चुलत सासू. पाय गेलेत, पण मेथीचा वाफा तिनं टाकावा आणि आपण बघत राहावं. बायजा गावातलीच मुलगी, नवरा गेल्यावर माहेरी आलेली. मला वैनी म्हणते. काकीला पोरगा बघतो, माझा नवरा रिक्षा चालवतो, बायजाला मात्र ह्या भाजीशिवाय दुसरं काही नाही. ना आगा ना पिछा. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच येऊन अडतं.

आमच्यात सावड चालते. म्हणजे आज तू माझ्या वाफ्यात खुरपं चालव, उद्या मी तुझ्यात चालवीन. मजुरी नाही, मालकीण नाही. तसंच विकायचं. रोज दोघी शेतात आणि एक जण पाटी घेऊन स्टेशनकडच्या रस्त्यावर. पाटीत तिघींची भाजी. मेथी काकीची, माठ माझा, मुळा बायजाचा. गिऱ्हाइकांना तरी कुठे कळत होतं? बायजा बसलेली असली तरी "काय विमलाबाई, पालक दिसत नाही आज" असं विचारायच्या. बायजा पण बिनधास्त उत्तर द्यायची, "पालक उद्या, आज शेपू न्या, पोराला देऊ नका, तो तोंड वाकडं करतो." कुणाच्या पोराला काय आवडतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

एक दिवस सुदेशसाहेब आले. बाजार खात्यातले, तरुण, बोलायला गोड. स्वतः आमच्याकडून भाजी न्यायचे. म्हणाले, "ताई, तुमच्यासारख्यांसाठीच योजना आलीय. जे शहरातच पिकवतात त्यांना मंडईत ओटा. दलाल नाही, हप्ता नाही, गाडी येऊन माल उचलून नेणार नाही. स्थानिक भाजी, ताजी भाजी." मला तर देवच पावला असं वाटलं. किती वेळा पाटी उचलून पळालेय मी, पोटात पोर असतानासुद्धा.

"नाव सांगा," म्हणाले.

त्या दिवशी माझी पाळी होती, म्हणून मी बसलेली. मी सांगितलं, विमल.

"अजून कोण आहे तुमच्याबरोबर?"

आणि मी काय बोलावं? मी बोलली, "आहेत दोघी, पण आम्ही तिघी एकच. लिहा एक नाव, बस."

आता तुम्ही शहरातली माणसं हसाल. पण आमच्याकडे एक नाव पुरतं हो. विहिरीच्या मोटारीचं मीटर काकीच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावावर आहे, पाणी तिघींना येतं. गावकीच्या वर्गणीत घरातलं एक नाव असतं, जेवायला अख्खं घर जातं. नाव म्हणजे आमच्यात खुंटी. एकदा ठोकली की कुणीही काहीही टांगावं. संध्याकाळी शेतात जाऊन सांगितलं तर काकी खूश. म्हणाली, "नाव एकीचा न भाजी तिगींची. बरा केलास." बायजानं तर शिट्टी मारली. तिला येते शिट्टी.

मंडईचं उद्घाटन झालं. फीत कापली, मला शाल दिली, नारळ दिला. मोठ्या पडद्यावर माझा फोटो, खाली लिहिलेलं, "शहराची शेतकरीण". हिरव्या प्लास्टिकच्या दोन क्रेट मिळाल्या, त्यांच्यावर ओट्याचा नंबर छापलेला, चौदा. काकी आणि बायजा मागच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होत्या. मग एका बाईनं माईकवर नियम वाचले. ओट्यावर फक्त स्वतः पिकवलेली भाजी. ओट्यावर फक्त ओटाधारक स्वतः, दुसरं कुणी बसायचं नाही. सकाळी आणि संध्याकाळी मशीनवर अंगठा. रस्त्यावर माल विकताना सापडल्यास ओटा रद्द. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही पण वाजवल्या. आपल्याच गळ्यातल्या फासाला टाळ्या वाजवणाऱ्या आम्हीच.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. पहिल्या मजल्यावर पंखे छान, फरशी चकचकीत, माणूस नाही. स्टेशनातून घरी जाणारी बाई हातात पिशवी, खांद्याला पर्स, डोक्यात स्वयंपाक, ती भाजीसाठी जिना चढेल? लिफ्ट होती, ती बंद. थोड्या दिवसांनी खालच्या पार्किंगमधली अर्धी जागा एका घरपोच सामान देणाऱ्या कंपनीला भाड्यानं दिली. आता माझ्या बुडाखाली नाशिकची मेथी प्लास्टिकच्या पिशवीत बसते आणि दहा मिनिटांत लोकांच्या दारात जाते. माझी मेथी वर ओल्या गोणपाटाखाली पिवळी पडते. एकदा शिवानी म्हणून एक जुनं गिऱ्हाईक धापा टाकत वर आली. "अय्या विमलाबाई, तुम्ही इथे? मला वाटलं तुम्ही धंदा सोडलात." दोन जुड्या घेतल्या आणि म्हणाली, "खाली बसा ना, वर कोण येणार?" मी बोलली, "खाली बसली तर तुमची महापालिका मला वरच पोचवेल." ती हसली. मी नाही हसली.

समोरच्या ओट्यावर कल्याणकडचे परशुराम म्हणून एक म्हातारे आहेत, सुरण आणि कंद विकतात. म्हणजे विकायला आणतात. ते सकाळी अंगठा देतात, टॉवेल तोंडावर घेऊन झोपतात, संध्याकाळी अंगठा देऊन घरी जातात. मला म्हणाले, "ताई, सरकारी नोकरी लागली आपल्याला. फक्त पगार नाही."

अंगठ्याचं पण ऐका. सुरुवातीला मशीन मला ओळखतच नव्हतं. माती चिवडून चिवडून माझ्या बोटांच्या रेघा गेलेल्या. पुसून दे, थुंकी लावून दे, सुदेशसाहेबांनी क्रीम आणून दिलं. लाल दिवा, लाल दिवा. ते म्हणायचे, "ताई, तुम्ही आहात पण मशीन म्हणतंय नाहीत." मग एका सकाळी पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा लागला. साहेब खूश झाले. मी मात्र हात बघत बसली. बोटं मऊ पडलेली. नवऱ्याच्या रिक्षात बसणाऱ्या बायकांसारखी. मला रडायलाच आलं, परशुराम झोपलेले होते म्हणून बरं.

कारण मी शेतात जातच नव्हती ना! सकाळी अंगठा, संध्याकाळी अंगठा, मधे उठलं आणि तपासणीला कुणी आलं की शेरा. तीन शेरे झाले की ओटा बंद. म्हणजे माझे वाफे पण काकी आणि बायजाच बघणार. आणि त्यांची भाजी मी विकणार कुठे? वर गिऱ्हाईक नाही, आणि वर त्यांची भाजी ठेवणं म्हणजे दुसऱ्याचा माल. सावड मोडली. मी घेत होती, देत काहीच नव्हती. बायजा आधी माझ्या वाफ्यात पाणी सोडायची, मग स्वतःच्या.

त्यात एक दिवस उद्यान खात्याचा माणूस शेतावर गेला. ही शहरी शेतीची योजना त्यांची, ओट्याची योजना बाजार खात्याची. त्याला बघायचं होतं की ओटाधारक खरंच पिकवते की नाही. मी शेतात नव्हती, मी ओट्यावर होती. त्यानं लिहिलं, उत्पादक जागेवर आढळून आली नाही. मला नोटीस. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, तशातली गत.

मी नोटीस घेऊन थेट सुदेशसाहेबांच्या टेबलावर. माझा आवाज आधीच मोठा, त्या दिवशी तर पंख्याच्या वर गेला असेल.

"माझे दोन तुकडे करा," मी बोलली. "एक तुमच्या मशीनला लावा, एक त्यांच्या वाफ्यात पुरा."

"ताई, बसा आधी. पाणी घ्या."

"पाणी नको. त्या दोघींची नावं घाला ओट्यावर. पाळीनं बसू. म्हणजे शेतात पण कोणीतरी, ओट्यावर पण कोणीतरी."

ते हळू आवाजात म्हणाले, "एक ओटा एक नाव. नियम वाईट हेतूनं नाही केला, ताई. मागे एका मंडईत ओटे शेतकऱ्यांच्या नावावर होते आणि बसलेले सगळे व्यापाऱ्यांचे नोकर. म्हणून हे."

"मग मी ओटा सोडते. घ्या तुमची शाल पण."

त्यांनी उठून भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. तारांखालचा आमचा पट्टा. तिथे ट्रकचं पार्किंग करायचं म्हणून कागद फिरत होते, म्हणाले. जमीन काही आमच्या नावावर नाही, वहिवाट आमची. "पण तिथे नोंदणी झालेली भाजी उत्पादक आहे, म्हणून ते थांबलंय. ती नोंदणी म्हणजे तुमचा ओटा. ओटा सोडलात तर चालू शेती नाही असं धरलं जाईल. मग मी काही करू शकत नाही."

मी खाली बसली. आता पाणी प्यायली.

"आणि बायजा?" मी विचारलं. "तिनं काय करायचं?"

"पावसाळ्याआधी नवी यादी निघेल. तेव्हा त्यांचं नाव वेगळ्या ओट्यासाठी मीच घालतो. शब्द देतो. फक्त एक करा, तोपर्यंत त्यांच्यावर रस्त्यावरची कारवाई होऊ देऊ नका. एकदा व्यापारी किंवा फेरीवाला म्हणून नोंद झाली की उत्पादकांच्या यादीत नाव कधीच येत नाही. कॉम्प्युटरच घेत नाही."

मी हे सगळं शेतात येऊन सांगितलं. काकीनं विचारलं, "तवर पोरीनी खायाचा काय?" मी माझ्या घरातून डबा द्यायला बघितला तर बायजानं झाकण उघडून वास घेतला, म्हणाली, "वैनी, सुकट मस्त झालीय, पण मी काय भिकारीण नाय," आणि तसाच परत दिला. मग ती चोरून रस्त्यावर बसायला लागली. गल्लीच्या तोंडाशी, छोटी पाटी, अर्धा तास, की उठली. मला माहीत होतं. मी काय तोंडानं नको म्हणणार?

असं करत संक्रांत आली. भोगीच्या आदल्या दिवशी डोंबिवलीत भाजीला काय गर्दी असते ते सांगायला नको. वांगी, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, मुळा, सगळं एका भाजीत लागतं आणि सगळ्यांना आजच लागतं. आमचे वाल यंदा असे लागलेले की वेल दिसत नव्हते. मी वर. खाली रस्त्यावर बायकांचा गलका, पिशव्या, रिक्षांचे हॉर्न. माझ्या ओट्यामागे सिमेंटची जाळी आहे, तिच्यातून खालचा रस्ता दिसतो. दिवसभर माझी पाठ ओट्याकडे आणि तोंड जाळीकडे.

दुपारनंतर बघते तर बायजा बरोबर समोर, मोक्याच्या जागेवर, आमच्या जुन्या जागेवर! पाटी नव्हे, दोन दोन ढीग. आणि शेजारी दुकानाच्या पायरीवर काकी! पाय ओढत आलेली, घाट्यांच्या जुड्या बांधून देत होती. काय सांगू तुम्हाला, मला राग आला, भीती वाटली आणि हसू पण आलं. दोघी कितीतरी दिवसांनी अशा बसलेल्या. बायजाचा आवाज वरपर्यंत येत होता, "घ्या घ्या, तारेखालचे वाल, शॉक बसेल असे गोड!" बायका हसत होत्या, घेत होत्या. मलाही वाटलं, उतरावं, बसावं काकीच्या बाजूला. मग माझं लक्ष ढिगाखाली गेलं. वाल जास्त निघाले म्हणून पाट्या पुरल्या नसणार. खाली हिरवी क्रेट होती. चौदा नंबरची. माझ्या पडवीतली.

मी जाळीला तोंड लावून ओरडली, "बायजे, क्रेट काढ! क्रेट!" त्या गलक्यात कोण ऐकतं.

आणि गाडी आली. बाकीच्या बायका पाट्या उचलून क्षणात गायब. बायजा सुटली असती, तिच्यासारखं पळणारं कोणी नाही. पण काकी होती ना. तिनं आधी काकीच्या हातात एक पिशवी कोंबली, तिला पायरीवर नीट बसवलं, गिऱ्हाईक वाटावी अशी, आणि मग वळली तोवर गाडीतल्या दोघांनी क्रेट धरलेली. एकानं नंबर वाचला. वर बघितलं. मोबाईल काढला. मला कळलं कुणाला लावतोय.

मी जिना उतरायला लागली. उतरता उतरताच मी ठरवलेलं, आज बोलून टाकायचं. ही भाजी तिघींची आहे, शेत तिघींचं आहे, तुम्हाला एक नाव हवं होतं म्हणून एक दिलं, आता करा काय करायचं ते. ओटा जाऊ दे. पार्किंग करू दे. निदान बायजाला चोरासारखं उभं राहायला लागणार नाही. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, खरंच सांगते.

सुदेशसाहेब पोचलेले होते. तोंड उतरलेलं. मला बघून म्हणाले, "ताई, चौदा नंबरची क्रेट रस्त्यावर कशी? हा माल तुमच्या ओट्याचा आहे का?"

मी तोंड उघडलं. "साहेब, ही भाजी ना..."

"ओ मावशी!" बायजा मधेच ओरडली. माझ्याकडे बघत. "तुमी कशाला मधी पडता? तुमची क्रेट हाय ना, घ्या न जा."

मला आधी समजलंच नाही ती कुणाशी बोलतेय.

"क्रेट मी उचलली," ती साहेबांना म्हणाली. "जिन्याखाली पडलेली. आन माल कल्याणच्या मार्केटातून आणलाय पहाटे. मी काय पिकवत नाय. ह्या बाईला मी ओळखत पण नाय."

साहेबांनी वालाची एक शेंग हातात घेतली. सकाळीच तोडलेली, देठ ओला. मेथीच्या मुळांना आमची काळी माती. महिन्यामागून महिने त्यांनी तीच मेथी खाल्लेली, त्यांना काय कळत नव्हतं? ते बायजाच्या जवळ गेले आणि अगदी हळू म्हणाले, "बायजाबाई, नीट विचार करून सांगा. मी जे लिहीन ते पुसता येणार नाही."

"लिवा ना," ती म्हणाली. "व्यापारी लिवा."

त्यांनी लिहिलं. बायजानं त्याच्याखाली अंगठा दिला. तिचा अंगठा मातीनंच काळा होता, शाई लागलीच नसती तरी चाललं असतं. वाल, वांगी, घाटे, सगळं गाडीत गेलं. मी तिथेच. तोंडातून शब्द येईना, माझ्या! जिचं तोंड बंद करायला आख्खं गाव थकलं तिच्या. मला बोलायचं होतं, पण बोलली असती तर बायजा खोटारडी ठरली असती, ओटा पण गेला असता आणि तिची नोंद काही पुसली गेली नसती. दोन्हीकडून दार बंद. बायजा माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तुमचा ओटा वर हाय ना? मग जा की. गिऱ्हाईक खोळंबला असेल."

गिऱ्हाईक! मी वर गेली. परशुराम उठून बसलेले, त्यांनी विचारलं काय झालं, मी गोणपाट ओलं करत बसली.

घरी आल्यावर मी काकीजवळ रडली. म्हटलं, तिनं मला वाचवलं आणि स्वतःचा गळा कापून घेतला. काकी चुलीशी बसलेली, आमच्या मागच्या अंगणात अजून चूल आहे. म्हणाली, "तुना नाय वाचवला गो तिना. वाफे वाचवले. तू मधी आलीस, एवराच."

भोगी आमच्याकडे झाली नाही यंदा. संक्रांतीनंतर उद्यान खात्याचा तोच माणूस परत शेतावर आला. बायजा मुळ्याला पाणी सोडत होती, तिच्या स्वतःच्या मुळ्याला. त्यानं विचारलं, "तुम्ही कोण?" आणि ती म्हणाली, "मजूर. विमलाबाईंकडे कामाला हाय." काकीकडे बोट दाखवून म्हणाली, "ती पण." त्यानं आनंदानं लिहिलं. उत्पादकानं मजूर लावले तर चालतं, तसा नियमच आहे. कुणाला माहीतच नव्हता. सुदेशसाहेब मला सांगायला स्वतः जिना चढून आले. "बघा ताई, सुटला की प्रश्न. तुम्ही इथे, मजूर तिथे. दोन्ही खाती खूश." बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, पंख्याकडे बघत होते. वाईट माणूस नाही तो. वाईट असता तर मी त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

आता तारांखाली महापालिकेनं फलक लावलाय. आदर्श शहरी शेती, उत्पादक श्रीमती विमल. तिघींचे वाफे, मधे माझं नाव. ओटा सोडायचा विचार मनात आला तरी मला स्वतःचीच शरम वाटते, कारण त्याची किंमत बायजानं भरून टाकलीय. ती आता कधीच कुठल्या यादीत येणार नाही. आणि मला वैनी म्हणत नाही. मी एकदा शेतात, कोणी नसताना, तिला धरून विचारलं, "बायजे, इथे कोण ऐकतंय? म्हण ना वैनी." ती म्हणाली, "नको मावशी. सवय मोडली की एकादी वेळ तोंडातून जाईल, न नेमका कोणतरी उभा असेल." रागानं नाही म्हणाली. राग असता तर मी समजूत काढली असती.

रोज सकाळी ती भाजी घेऊन वर येते. ओल्या जुड्या, मुळांना माती, गिऱ्हाईक वर येवो न येवो, ती आणते. मी सरकते, बाजूला जागा करते, म्हणते, "बस गो जरा, दम खा, चहा मागवते." ती ओट्याच्या बाहेर उभी राहते, पाटी रिकामी होईपर्यंत, आणि जाते. मजुराला ओट्यावर बसायची परवानगी नाही.